सरपंच विरुद्ध गिरणी

राधाकिसनच्या यादीत सोळा गाणी होती आणि सोळाच्या सोळा इंग्रजी. तो घनसावंगीच्या एका विनाअनुदानित शाळेत इंग्रजी शिकवायचा, तरी त्या गाण्यांतला एक शब्द त्याला कळत नव्हता. ह्यात त्याला काही वावगं वाटत नसे. त्याचं व्याकरण पक्कं होतं. गाणारे व्याकरणानं गात नव्हते, हा त्यांचा दोष.

गाणी रॉकची होती. जालन्याला कॉलेजात असताना होस्टेलवरच्या काकासाहेबानं कुठून तरी एक नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणली होती. काकासाहेब म्हणजे कुणी वडीलधारा नव्हे. राधाकिसनच्याच वयाचा, त्याच्याच खोलीतला पोरगा. घरच्यांनी पाळण्यातच काकासाहेब नाव ठेवलं, त्याला तो काय करणार. कॅसेटला कव्हर नव्हतं, गाण्यांना नावं नव्हती. दोघांनी तिची आणखी एक प्रत काढली आणि खोली नंबर नऊमध्ये बसून सोळा गाण्यांचं बारसं केलं. जे ऐकू आलं ते नाव. एकात ढोल असे सुरू व्हायचे की जणू पिठाच्या गिरणीवर पट्टा चढतोय, आणि गायक मध्येच ‘दळण झालं का’ असं ओरडायचा. ती ‘गिरणी’. एक ‘टँकर पलटी’. एक ‘मामाचा खोकला’. आणि एक आठ मिनिटांचं, एकाच गिटारवर हळू सुरू होऊन वर वर चढत जाणारं. त्याच्या शेवटी गायक डोळे मिटून (हा राधाकिसनचा अंदाज) ‘सरपंच... ओ सरपंच’ अशी हाक मारायचा की अंगावर काटा यावा. ते ‘सरपंच’. दोघांचंही एक नंबर.

कॉलेज सुटलं, काकासाहेब भोसरीला एका कंपनीत लागला, राधाकिसन गावी परतला. जाताना दोघांनी ठरवलं की दरवर्षी एकतीस डिसेंबरला आपापली यादी करायची. वर्षभरात कोणतं गाणं किती वेळा वाजलं ते मोजायचं, सोळा नंबरापासून उलटं येत एक नंबरापर्यंत लिहायचं, प्रत्येकापुढं दोन ओळी खरडायच्या आणि पत्र टाकायचं. नियम चार. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं तरच धरायचं. टेपवर वाजलेलंच धरायचं, तोंडानं म्हटलेलं नाही. ऐकणारा कोण, हे पाहायचं नाही. खोटं लिहायचं नाही.

तिसरा नियम राधाकिसननं हट्टानं घालून घेतला होता. त्याचे वडील म्हस्कू टेप सुरू झाला की उठून शेतात जायचे, आणि रिकाम्या ओसरीत वाजलेलं गाणं वाया जाऊ नये असं त्याला वाटायचं.

पाच वर्षं यादी नीट चालली. पंच्याण्णव सालच्या पत्रात मात्र काकासाहेबानं होस्टेलच्या बाकी पोरांची हकीकत कळवली. खोली सातमधला भजनी मंडळात पेटी वाजवत होता, खोली अकरामधले दोघं सिनेमाच्या गाण्यांना लागले होते. खाली लिहिलं होतं, ‘सगळे फुटले. आता तू अन् मी. ज्या वर्षी तुझ्या यादीत सरपंच खाली येईल, त्या वर्षी मी समजेन की तू पण गेलास. मंग पत्र टाकायचं कारण न्हाई.’ राधाकिसननं ते पत्र बी.एड.च्या गुणपत्रिकेबरोबर ठेवून दिलं. दोन्ही त्याला सारखीच महत्त्वाची वाटली.

मग शहाण्णवच्या मार्चमध्ये चंद्री व्याली.

चंद्री ही घरची म्हैस. तिचं रेडकू तिसऱ्या दिवशी दगावलं आणि तिनं दूध चोरायला, म्हणजे कासेतच आवरून धरायला, सुरुवात केली. राधाकिसनची आई बायनाबाई हिनं चंद्रीपुढं सरकीची ढेप ठेवली, तिची पाठ खाजवली, शेजारच्या सोनूबाईचं रेडकू आणून उभं केलं. चंद्रीनं त्याला हुंगलं आणि तोंड फिरवलं. बादली कोरडी ती कोरडीच. त्याच संध्याकाळी राधाकिसन टेप घेऊन गोठ्यात बसला होता, कारण रेडकू दगावलं म्हणून चार दिवस घरात टेपला मनाई होती. कॅसेटची दुसरी बाजू लागली. तिच्यावरचं पहिलं गाणं ‘गिरणी’. पट्टा चढला, ढोल सुरू झाले, गायकानं दळण झालं का विचारलं, आणि चंद्रीनं कान उभे करून पान्हा सोडला. बायनाबाई धावत बादली घेऊन बसली. गाणं साडेचार मिनिटांचं होतं आणि चार लिटर दूध निघालं.

दुसऱ्या दिवसापासून चंद्रीला गाण्याशिवाय जमेना. राधाकिसनला सकाळी जीप गाठायची असे, म्हणून बायनाबाईनं टेप चालवायचं शिकून घेतलं. कोणतं बटण दाबायचं त्याला तिनं कुंकू लावलं होतं. गाणं झालं की ती बॉलपेन घालून कॅसेट मागं फिरवायची आणि गोठ्याच्या भिंतीवर चुन्याचं एक बोट ओढायची. डेअरीला घातलेल्या दुधाचा हिशोब ती आयुष्यभर असाच ठेवत आली होती.

दसऱ्याच्या दिवशी राधाकिसन गोठ्याच्या दाराला झेंडूची माळ बांधायला स्टुलावर चढला, तेव्हा त्याची नजर भिंतीवर गेली. भिंत चुन्याच्या बोटांनी भरून गेली होती. दुसऱ्या कुणी माळ बांधून खाली उतरलं असतं. राधाकिसन मोजणारा माणूस होता. त्यानं मोजली. चारशे तीस.

आधी त्याला नुसतं नवल वाटलं. मग स्टुलावरच्या स्टुलावरच त्याला घाम फुटला. त्याच्या वहीत ‘सरपंच’ एकशे सत्त्याऐंशीवर होतं.

म्हशीनं ऐकलेलं धरायचं का, ह्यावर त्यानं सण सोडून दुपारभर विचार केला. पण ऐकणारा कोण हे पाहायचं नाही, हे त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्यानं वडिलांसाठी केलेला नियम चंद्रीनं बिनबोभाट वापरला होता. चौथ्या नियमामुळं भिंतीकडं पाठ फिरवायचीही सोय नव्हती. वर्ष संपायला बहात्तर दिवस उरले होते आणि गिरणी रोज दोनानं वाढत होती.

तो बायनाबाईकडं गेला आणि म्हणाला की उद्यापासून चंद्रीला दुसरं गाणं लावू.

“काहून? हे काय वाईट हाय?”

“वाईट न्हाई माय. पण हे एक नंबर होऊन राह्यलं.”

“मंग होऊ दे की. दूध देणारं गाणं एक नंबर न्हाई तं काय तुझं ते रडगाणं?”

तरी पोराचं मन राखायला तिनं एक दिवस ‘सरपंच’ लावून पाहिलं. चंद्रीनं आठ मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटच्या हाकेला बादलीला लाथ घातली. संध्याकाळी तेच. त्या दिवशी डेअरीतून म्हस्कूंना रिकामी बरणी घेऊन परत यावं लागलं. म्हस्कू तसे मुलाशी बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी बरणी राधाकिसनच्या पुढ्यात उपडी ठेवली आणि निघून गेले. म्हणजे बरंच बोलले.

मंग ठीक आहे, राधाकिसननं ठरवलं. गिरणी जिथं आहे तिथं थांबवायची आणि सरपंच वर न्यायचं. दोन्ही कामं एकाच वेळी, आणि प्रामाणिकपणे.

सरपंच वर न्यायला त्यानं वेळापत्रक केलं. पहाटे एकदा, शाळेतून आल्यावर एकदा. रविवारी तीन वेळा. दिवाळीची सुट्टी लागल्यावर रोज दहा. लाइट असली की लाइटवर, नसली की सेलवर. कॅसेट मागं फिरवून फिरवून त्याच्या उजव्या बोटाला घट्टा पडला आणि शाळेत फळ्यावर त्याचं अक्षर बिघडलं. टेपचा आवाज तो पूर्ण सोडायचा, कारण हळू वाजवलेलं गाणं पूर्ण वाजलं का, ह्याबद्दल त्याच्या मनात शंका राहायची.

ह्याचा जो परिणाम झाला तो त्याच्या ध्यानीमनी नव्हता. गावच्या मध्यावर दिवसातून दहा वेळा कुणीतरी जीव तोडून ‘सरपंच... ओ सरपंच’ अशी हाक मारत होतं, आणि गावातला हापसा चार महिन्यांपासून बंद होता. बायांनी दोहोंचा मेळ घातला. सोनूबाई बायनाबाईला म्हणाली की तुझं पोरगं गरीब दिसतं पण हिमतीचं निघालं. दुसऱ्या दिवशी पाण्याला निघालेल्या पाचसहा बाया रिकाम्या घागरी घेऊन ओसरीसमोर येऊन बसल्या आणि गाण्याच्या शेवटी त्यांनीही एकदा हाक मारून पाहिली.

तिसऱ्या दिवशी सरपंच रामराव स्वतः आले. त्यांनी ओसरीवर बसून आधी पाणी मागितलं, मग पाण्याचा विषय आपणच काढला असं वाटू नये म्हणून पेला तसाच ठेवला.

“मास्तर, हापशाचं मी वर बोललो हाय. चार दिवसांत माणूस येतो. तुम्ही हे बंद करा.”

“काय बंद करू?”

“हे बोंबलणं. गावभर मह्या नावानं.”

“ते तुमच्या नावानं न्हाई, रामराव. ते इंग्रजी हाय.”

“असं? मंग सरपंचाला इंग्रजीत काय म्हणतात?”

राधाकिसन इंग्रजीचा मास्तर होता. त्याला उत्तर यायला पाहिजे होतं. तो विचार करत असताना पाच वाजले, वेळापत्रकाप्रमाणे त्यानं बटण दाबलं, आणि रामराव पूर्ण आठ मिनिटं मान खाली घालून बसले.

हापसा तीन दिवसांत दुरुस्त झाला. रामराव पुन्हा आले आणि हापसा झाला, आता तरी थांबा म्हणाले. राधाकिसननं वही पाहिली. खोटं बोलायचं नाही, हा नियम त्याच्या अंगात इतका भिनला होता की तो सरळ म्हणाला, “अजून एकशे अकरा राह्यले.”

एकशे अकरा काय, हे विचारायची रामरावांना हिंमत झाली नाही. पुढच्या आठवड्यात गावातल्या शाळेपुढच्या खांबावर दिवा लागला. नंतर नालीवर फरशी पडली. राधाकिसन पाराकडून जाऊ लागला की म्हातारे उठून जागा करून देऊ लागले. त्याला ह्या कशातच रस नव्हता. त्याला एकशे अकरा दिसत होते.

इकडं गिरणी थांबवायचं काम आधीच सुरू झालं होतं, आणि ते जास्त अवघड होतं. टेप लावला की मोजावं लागणार. टेप न लावावा तर दूध नाही. पण दुसऱ्या नियमानं तोंडानं म्हटलेलं मोजायचं नव्हतं. तेव्हा चंद्रीला गिरणी तोंडानं ऐकवायची, एवढा एकच रस्ता उरत होता. राधाकिसननं आयुष्यात आरतीसुद्धा मोठ्यानं म्हटली नव्हती.

त्यातही अडचण अशी की गाणं बसवायला ते ऐकायला हवं, आणि ऐकलं की एक वाढणार. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी बायनाबाई लावायची तेवढंच तो ऐकायचा. चंद्रीशेजारी उकिडवा बसून, डोळे मिटून, कुठं काय येतं हे बोटांवर धरून. पाच वर्षांत त्यानं ते गाणं कधी असं ऐकलं नव्हतं. त्याच्या यादीत गिरणी नेहमी नऊदहाच्या आसपास असायची आणि पुढं ‘बरं आहे’ एवढंच लिहिलेलं असायचं. आता त्याला कळलं की ढोल वाटतात तसे एकसारखे नाहीत, प्रत्येक चौथ्या फेरीला एक ठोका मुद्दाम उशिरा पडतो. दुसऱ्या कडव्यानंतर सगळं एका श्वासाएवढं थांबतं. तो थांबा त्यानं पाच वर्षं ऐकलाच नव्हता.

नोव्हेंबरच्या चार तारखेला पहाटे बायनाबाईनं सवयीनं कुंकवाच्या बटणाकडं हात नेला. राधाकिसननं टेप उचलून कोनाड्यात ठेवला. ढेपेचा रिकामा डबा पालथा घातला, कपाशीच्या दोन पऱ्हाट्या घेतल्या आणि तोंडानं पट्टा चढवायला सुरुवात केली.

चंद्रीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बादलीत दोन धारा वाजल्या आणि थांबल्या.

“तू कुठं तरी चुकला,” बायनाबाई म्हशीच्या पोटाआडून म्हणाली. “ती बराबर त्याच जागी आडली.”

तो थांबा. त्यानं घाईत गाळला होता. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली, दुसऱ्या कडव्यानंतर श्वास रोखला, चंद्रीनंही रोखला, आणि मग तो ओरडला: दळण झालं का. दूध आलं. चारच्या जागी अडीच लिटर, पण आलं. भिंतीवर चुन्याचं बोट ओढायला बायनाबाईनं हात उचलला तेव्हा राधाकिसननं तिचा हात धरला. गिरणी चारशे छप्पन्नवर थांबली.

पुढं आठपंधरा दिवसांत दूध चारवर गेलं. चंद्रीसारखा कडक परीक्षक त्याला बी.एड.लाही भेटला नव्हता. उशिराचा ठोका वेळेवर पडला की ती शेपटी मारायची. गिटारचा तुकडा त्यानं नाकातून काढला तर तिला चालत नसे, घशातूनच लागे. पऱ्हाट्या मोडायच्या, म्हस्कू न बोलता शेतातून नव्या आणून टाकायचे. थंडी पडली, घसा बसला, तेव्हा बायनाबाईनं त्याला हळददूध दिलं आणि म्हणाली की हे तिचंच हाय, तिच्यासाठीच पी. शाळेत रजा टाकता येत होती. रजेवर म्हैस जात नव्हती. एकदा पाहुणे त्याला सोयरीक घेऊन आले, नेमके संध्याकाळी सहाला. त्यांनी गोठ्याच्या दारातून आत पाहिलं आणि चहा न घेता परत गेले. राधाकिसननं मान वर करून पाहिलं नाही. पुढच्या फेरीला ठोका होता.

एकतीस डिसेंबरला संध्याकाळी सातला त्यानं ‘सरपंच’ लावलं. आधीचा आकडा चारशे छप्पन्न. हे एक झालं की पुढं. कॅसेट इतकी झिजली होती की गिटार पाण्याखालून आल्यासारखी वाटत होती, आणि गायक थकून हाक मारत होता. पण गाणं पूर्ण वाजलं. चारशे सत्तावन्न. त्यानं वहीत रेघ ओढली आणि आनंदाची वाट पाहत बसला.

आनंद आला नाही. त्यानं पुन्हा एकदा वही पाहिली, बेरीज बरोबर होती.

मग कंदील पुसून, पाट मांडून तो यादी लिहायला बसला. सोळा, टँकर पलटी. पंधरा, मामाचा खोकला. भराभर उतरत तो दोन नंबरावर आला. गिरणी, चारशे छप्पन्न. पुढं दोन ओळी. दोन ओळींत उशिराचा ठोकाच मावला. थांबा राहिला, घशातली गिटार राहिली, चंद्री राहिली. आंतर्देशीय पत्राची जागा संपली. त्यानं शाळेच्या वहीची पानं फाडली आणि पाकीट शोधलं. सव्वातीन पानं झाली.

एक नंबर. सरपंच, चारशे सत्तावन्न. पुढं दोन ओळी.

त्याला काही सुचेना. ‘अंगावर काटा येतो’ असं तो दरवर्षी लिहायचा. त्यानं तसं लिहिलं आणि हाताकडं पाहिलं. काटा नव्हता. बहात्तर दिवसांत तो काटा त्यानं स्वतः घासून घासून काढला होता. काकासाहेबाला जो एक नंबर हवा होता तो जाग्यावर होता. त्याच्यापुढं काही न लिहिता पाकीट बंद केलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. त्यानं ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, ‘ह्याचा मला वीट आला. आकडा खरा आहे, पण तो मी ओढून आणला. दोन नंबरचं गाणं मी रोज दोनदा तोंडानं वाजवतो, ते धरत नाही. धरलं असतं तर पत्र कोणत्या गाण्यानं संपलं असतं हे तुला कळेल. तू काय समजायचं ते समज.’ दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना त्यानं पाकीट पेटीत टाकलं.

काकासाहेबाची यादी आली नाही. पाच तारीख गेली, आठ गेली, दहा गेली. राधाकिसन रोज पोस्टमनला विचारायचा, आणि रोज सहाच्या आत जीप पकडून घरी यायचा.

भोगीच्या संध्याकाळी गोठ्याच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. खांद्याला बॅग, अंगात कंपनीचं जाकीट, डोक्यावरचे केस बरेच कमी झालेले. राधाकिसननं ओळखलं, पण पट्टा चढला होता आणि हात थांबवता येत नव्हते.  काकासाहेब दाराला टेकून ऐकत राहिला, घट्ट ओठ मिटून, नापास करायला आलेल्या तपासनिसासारखा. ठोका गेला, थांबा गेला, दळण विचारून झालं. चंद्री दूध देत होती. गाणं संपलं. राधाकिसनच्या कपाळावरून घाम ओघळला आणि त्यानं पऱ्हाट्या खाली ठेवल्या.

“मधे दुसरी गिटार हाय,” काकासाहेब म्हणाला. “ती कुठं गेली?”

“एका तोंडानं दोन कशा वाजवू?”

 काकासाहेबानं बॅग खुंटीला अडकवली, जाकीट काढलं, चंद्रीच्या दुसऱ्या अंगाला उकिडवा बसला आणि घसा खाकरला. बायनाबाई उठतच होती, ती परत बसली. पट्टा पुन्हा चढला. दुसऱ्या कडव्यापाशी दोघांनीही श्वास रोखला, आणि तिथून पुढं काकासाहेबाची गिटार राधाकिसनच्या गिटारला टेकून वर चढत गेली, तशी ती खरोखरच कॅसेटवर होती आणि राधाकिसननं तीही कधी अशी नीट ऐकली नव्हती. रिकाम्या झालेल्या कासेतून पुन्हा धार लागली.

बायनाबाईनं बादली उचलून कंदिलाजवळ धरली आणि आत पाहिलं.

“अर्धा लिटर जास्ती,” ती म्हणाली. “ह्या पाहुण्याला किती दिवसांची सुट्टी हाय?”